ई-कॅडहेरिनची पकड आणि सेल्सची चाल एकत्र कशी बघायची: एमडीसीकेवर कॅल्शियम स्विच, को-आयपी आणि स्क्रॅच

एपिथेलियल सेल्सवर, म्हणजे अवयवांचं अस्तर बनवणाऱ्या सेल्सवर, नवीन काम सुरू केलेली मुलं-मुली बहुतेक एकच गोष्ट विचारतात, की माझं प्रोटीन ई-कॅडहेरिनच्या (शेजारच्या सेल्सना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रोटीन) कॉम्प्लेक्समध्ये बसतं का आणि ते काढून टाकलं तर सेल्स जास्त पळतात का. ऐकायला हे दोन प्रश्न आहेत पण खरं तर एकच आहे, कारण एपिथेलियममधल्या सेल्स एकमेकींना सोडून क्वचितच निघतात, बहुतेक वेळा अख्खा थरच सरकतो आणि सरकताना सेल्सनी एकमेकींना धरलेलंच असतं. त्यामुळे को-आयपी (एक प्रोटीन अँटिबॉडीने ओढून त्याला चिकटून दुसरं येतं का ते बघणं) जूनमध्ये एका बॅचवर आणि स्क्रॅच (थरात ओरखडा काढून तो किती वेगात भरतो ते बघणं) दिवाळीनंतर दुसऱ्याच पॅसेजवर (सेल्स उचलून नव्या डिशमध्ये पेरायची एक खेप) असं केलं की दोन फिगर मिळतात, पण त्यांचा एकमेकींशी मेळ काही बसत नाही. खाली सांगतेय ते एमडीसीके (कुत्र्याच्या किडनीच्या) सेल्सवर, एकाच पॅसेजच्या डिशेस एकाच दिवशी पेरून, तीन प्रयोग शेजारी शेजारी कसे करायचे त्याबद्दल आहे. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, को-आयपीत बँड आला (जेलवर दुसऱ्या प्रोटीनची पट्टी दिसली) म्हणजे सेलच्या आत ती दोन प्रोटीन्स एकमेकांना धरून ओढ सहन करतायत हे सिद्ध होत नाही. या विषयात नेमकं यावरूनच बरंच रामायण घडलंय, ते पुढे येईल.

आधी कोण कुठे बसतं ते

ई-कॅडहेरिन जेलवर साधारण १२० किलोडाल्टनला दिसतं. सेलच्या बाहेर त्याचे पाच डोमेन असतात आणि लागून असलेल्या दोन डोमेनच्या प्रत्येक सांध्यात तीन-तीन कॅल्शियम आयन बसतात, ते असले तरच बाहेरचा भाग ताठ राहतो आणि शेजारच्या सेलचं ई-कॅडहेरिन धरू शकतो. आतल्या शेपटीवर बीटा-कॅटेनिन बसतं, ते ९२ किलोडाल्टनचं, आणि मेंब्रेनच्या अगदी जवळ पी१२०-कॅटेनिन. बीटा-कॅटेनिन अल्फा-कॅटेनिनला धरतं, आणि अल्फा-कॅटेनिनमार्फत अ‍ॅक्टिनशी (सेलच्या आतल्या धाग्यांच्या सांगाड्याशी) संबंध येतो. पी१२० नसेल तर ई-कॅडहेरिन मेंब्रेनवर टिकतच नाही, आत ओढलं जातं आणि तिथे त्याची विल्हेवाट लागते, त्यामुळे पी१२०वर काम करणाऱ्यांनी एकूण ई-कॅडहेरिन किती उरलंय हे आधी बघावं.

तळाच्या बाजूला इंटिग्रिन, म्हणजे सेलला खालच्या पृष्ठभागाशी धरून ठेवणारी प्रोटीन्स. त्यांच्या अल्फा-बीटा जोड्या माणसात २४, आणि आतून टॅलिन, किंडलिन, पॅक्सिलिन, फोकल अ‍ॅढिजन कायनेज म्हणजे फॅक ही मंडळी. फॅकच्या टायरोसिन ३९७वर फॉस्फेट चढला की तिथे सार्क (हेही एक कायनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) येऊन बसतं आणि मग पुढची साखळी सुरू होते. व्हिनक्युलिन मात्र तळाला धरायच्या आणि एकमेकींना धरायच्या अशा दोन्ही जागी असतं, फोकल अ‍ॅढिजनमध्येही आणि सेल-सेल जंक्शनवरही, म्हणून ते आपल्या फार कामाचं आहे. नुसतं 'व्हिनक्युलिन वाढलं' असं लिहू नका, कुठलं वाढलं ते लिहा.

सेल्स, आणि ट्रिप्सिनचं प्रकरण

एमडीसीके ही लाइन १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या किडनीपासून तयार केली. आपल्याकडे बरेच लॅब पुण्याच्या एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीतून घेतात. कुत्र्याच्या सेल्स असल्यामुळे अँटिबॉडी मागवताना डेटाशीट नीट वाचा. एचईसीडी-१ हा क्लोन माणसाच्या ई-कॅडहेरिनसाठी आहे, एमडीसीकेला आरआर१ किंवा डेकमा-१ चालतो, आणि आतली शेपटी ओळखणारे काही माउस क्लोन कुत्र्यातही चालतात. महागडी बाटली हातात आल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

मीडियम साधंच, डीएमईएम (तयार पोषक द्राव) आणि १० टक्के एफबीएस (वासराच्या भ्रूणाचं सीरम), ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. खरी मेहनत उचलताना. एमडीसीके एकदा कॉन्फ्लुअंट झाल्या (डिशभर सलग पसरल्या) की डिशला चिकटून बसतात, सुटता सुटत नाहीत. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (मिठाचं बफर द्रावण) दोनदा धुवा, मग नुसतं ईडीटीए (कॅल्शियम धरून काढून घेणारं रसायन) घालून पाच-दहा मिनिटं ठेवा, सेल्सच्या मधे फटी दिसायला लागल्या की मग ट्रिप्सिन, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम. फ्लास्क आपटून सेल्स सोडवू नका, गठ्ठे येतात आणि मग मोनोलेयर (एका सेलच्या जाडीचा थर) सगळीकडे सारखा होत नाही.

इथे थोडं थांबते कारण या ट्रिप्सिनमुळेच कॅडहेरिन सापडलं. मासातोशी ताकेइची क्योतोहून अमेरिकेत कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये गेले तेव्हा तिथल्या ट्रिप्सिनने सोडवलेल्या सेल्स परत एकमेकींना चिकटेनात, जपानमध्ये तर चिकटायच्या. फरक होता तिथल्या ट्रिप्सिनमधल्या ईडीटीएचा. कॅल्शियम असताना ट्रिप्सिन लावलं तर कॅडहेरिनला धक्का लागत नाही, कॅल्शियम काढून घेऊन लावलं तर बाहेरचा भाग कापला जातो. यावरचा पेपर १९७७ चा, आणि कॅडहेरिन हे नाव १९८४ मध्ये पडलं. आपल्यासाठी याचा अर्थ असा की ट्रिप्सिन-ईडीटीएने उचललेल्या सेल्सच्या पृष्ठभागावर ई-कॅडहेरिन जवळजवळ नसतंच, ते नव्याने बनून वर यायला वेळ लागतो, तेव्हा सकाळी पेरून संध्याकाळी पकड मोजायला जाऊ नका. कॉन्फ्लुअंट झाल्यावर अजून एक-दोन दिवस द्या, आणि हा काळ प्रत्येक वेळी तेवढाच ठेवा. माझ्या मते जंक्शनच्या प्रयोगात सगळ्यात जास्त गोंधळ अँटिबॉडीमुळे होत नाही, कॉन्फ्लुअंट होऊन किती तास झाले याची कुणी नोंद ठेवत नाही त्यामुळे होतो.

कॅल्शियम स्विच

कॅल्शियम काढून जंक्शन उघडायची आणि परत देऊन ती बनताना बघायची, हा प्रयोग दिसायला सोपा आणि बघायला फार सुंदर आहे. कोलॅजेन लावलेल्या कव्हरस्लिपवर मोनोलेयर तयार करा, कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने धुवा आणि रात्रभर कमी कॅल्शियमच्या मीडियममध्ये ठेवा, साधारण ५ मायक्रोमोलर. नेहमीच्या डीएमईएममध्ये १.८ मिलिमोलर असतं. सीरममध्ये स्वतःचं कॅल्शियम असतं हे लक्षात ठेवा, त्यामुळे इथे डायलिसिस केलेलं किंवा चेलेक्समधून (कॅल्शियम धरून ठेवणारं रेझिन) काढलेलं सीरमच वापरायचं. एवढी सोय नसेल तर ४ मिलिमोलर ईजीटीए (हेही कॅल्शियम धरतं) अर्धा-एक तास लावूनही जंक्शन उघडतात, पण तो झटका जास्त जोरात बसतो, म्हणून एक काय ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. सेल्स गोलसर होतात, ई-कॅडहेरिन मेंब्रेनवरून आत जातं. मग नेहमीचं मीडियम घाला आणि शून्य मिनिटं, अर्धा तास, दोन तास, सहा तास अशा कव्हरस्लिप फिक्स करा.

फिक्स करायच्या आधी धुताना पीबीएसमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलंच पाहिजे, १ मिलिमोलर कॅल्शियम आणि अर्धा मिलिमोलर मॅग्नेशियम. साध्या पीबीएसने तीनदा आरामात धुतलं तर नुकती जुळायला लागलेली जंक्शन धुता धुताच सैल होतात आणि तुम्ही लिहिता की नॉकडाउनमुळे (तुमचं प्रोटीन मुद्दाम कमी केल्यामुळे) जंक्शन बनत नाहीत. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड १५ मिनिटं, मग ०.१ टक्का ट्रायटन, मग ब्लॉकिंग, आणि ई-कॅडहेरिन, अ‍ॅक्टिनसाठी फॅलॉइडिन आणि तुमचं प्रोटीन असं तिहेरी स्टेनिंग. सुरुवातीच्या वेळांना सलग रेष दिसत नाही, दोन सेल्स जिथे टेकतात तिथे आडवे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याला मागून अ‍ॅक्टिनचा धागा येऊन मिळालेला असतो, नंतर हे ठिपके एकमेकांना जोडून अखंड रेघ होते. किती टक्के सेल-सेल सीमांवर अखंड रेघ आली आणि किती वेळात, हा तुमचा पहिला आकडा. मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कसली ते माहीत नसावं, शेजारच्या टेबलावरच्या कुणालातरी स्लाइडवर नुसते कोड टाकायला सांगा.

को-आयपी

१० सेंटीमीटरची कॉन्फ्लुअंट डिश बर्फावर ठेवा, थंड आणि कॅल्शियमवाल्या पीबीएसने धुवा, मग सेल्स फोडायचा लायसिस बफर ५०० मायक्रोलिटर ते १ मिली. माझा बफर असा: ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.५, सोडियम क्लोराइड १५० मिलिमोलर, एनपी-४० १ टक्का, प्रोटिएज इन्हिबिटर, सोडियम फ्लोराइड, आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर. रिपा बफर इथे नको, त्यातलं एसडीएस आणि डिऑक्सिकोलेट नाजूक जोड्या तोडतं. ऑर्थोव्हॅनाडेट पीएच १०ला उकळून रंग जाईपर्यंत अ‍ॅक्टिव्हेट केलेलं असावं आणि बफरमध्ये ईडीटीए घालू नका, ते व्हॅनाडेटला धरून निकामी करतं. स्क्रेपरने खरवडा, ४ अंशाला अर्धा तास फिरवा, १२,००० जीला १५ मिनिटं फिरवून सुपरनेटंट, म्हणजे वरचा द्रव, घ्या.

आणि पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला गोळा, फेकू नका. हे मी ज्युनिअर्सना दहा वेळा सांगते, कारण पक्क्या झालेल्या जंक्शनमधलं ई-कॅडहेरिन अ‍ॅक्टिनला असं जखडलेलं असतं की या डिटर्जंटमध्ये त्याचा बराचसा भाग विरघळतच नाही, तो पेलेटमध्ये जातो. म्हणजे तुम्हाला ज्याच्याबद्दल बोलायचंय तोच भाग कचऱ्यात. पेलेट एसडीएस सॅम्पल बफरमध्ये उकळा आणि त्याच जेलवर शेजारी चालवा. कधीकधी को-आयपीत बँड कमी दिसतो आणि पेलेटमध्ये तेवढाच वाढलेला असतो, मग तिथे जोड सैल झालेली नसते, उलट घट्ट झालेली असते, आणि नुसता को-आयपी बघणारा नेमकं उलटं लिहून बसतो.

प्रोटीन बीसीएने मोजा, इतकं डिटर्जंट असताना ब्रॅडफर्ड भरवशाचं नाही. प्रत्येक आयपीला ५०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम लायसेट, १ ते २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, रात्रभर ४ अंशाला, मग अँटिबॉडी धरणारे बीड्स एक-दोन तास. अँटिबॉडी माउस आयजीजी१ असेल तर प्रोटीन जी घ्या, प्रोटीन ए तिला फार कमी धरतं. चार-पाच वेळा धुवा, उकळा, ८ टक्के जेल. कंट्रोलला त्याच जातीची साधी आयजीजी, नुसते बीड्स आणि ३-५ टक्के इनपुट (आयपीच्या आधीचं लायसेट), याशिवाय कुणी ब्लॉट दाखवला तर मी तरी बघत नाही. आयजीजीची हेवी चेन ५० किलोडाल्टनला येते, ई-कॅडहेरिन आणि कॅटेनिन तिच्यापासून लांब आहेत, पण तुमचं प्रोटीन ५०च्या आसपासचं असेल तर दोन अँटिबॉडी वेगवेगळ्या प्राण्यांच्या घ्या. बीटा-कॅटेनिन आलंच पाहिजे, ते आलं नाही तर बाकी काही वाचायचं नाही, प्रयोग परत. आणि उलट बाजूनेही करा, म्हणजे तुमच्या प्रोटीनची अँटिबॉडी लावून ई-कॅडहेरिन येतंय का.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या डिशमधून फॅक बघायचं असेल तर फॉस्फो-अँटिबॉडीचं ब्लॉकिंग बीएसएमध्ये (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) करा, दुधात केसीन असतं आणि ते स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. कंट्रोल म्हणून सेल्स उचलून पाऊण-एक तास सस्पेन्शनमध्ये ठेवा, ३९७चा सिग्नल पडायला हवा, फायब्रोनेक्टिनवर परत बसवल्या की चढायला हवा. असा पडणारा-चढणारा सिग्नल दिसला तरच त्या अँटिबॉडीवर विश्वास.

बँड आला, पण पकड?

आता ते रामायण. वर्षानुवर्षं चित्र असं काढलं जायचं की ई-कॅडहेरिन, बीटा-कॅटेनिन, अल्फा-कॅटेनिन आणि अ‍ॅक्टिन अशी सरळ साखळी आहे. प्रत्येक कडीचे पुरावे होते, अल्फा बीटाला धरतं हे खरं, अल्फा अ‍ॅक्टिनला धरतं हेही खरं. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम नेल्सन आणि विल्यम वाइस यांच्या गटांनी शुद्ध प्रोटीन्स घेऊन बघितलं तर अल्फा-कॅटेनिन एका वेळी दोघांना धरून बसेना. एकटं असताना बीटाला धरतं, स्वतःसारख्याच दुसऱ्याशी जोडी झाली की अ‍ॅक्टिनला धरतं. अख्ख्या फील्डला प्रश्न पडला की मग टिश्यू ओढ सहन कशी करते. २०१० मध्ये कोबेच्या रिकेन संस्थेतल्या शिगेनोबू योनेमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ताण आला की अल्फा-कॅटेनिन ताणलं जाऊन उघडतं आणि त्याच्या उघड्या भागावर व्हिनक्युलिन येऊन बसतं. आणि २०१४ मध्ये पुन्हा स्टॅनफर्डच्याच लोकांनी ऑप्टिकल ट्रॅपमध्ये (लेझरच्या चिमट्यात) धरून दाखवलं की कॅडहेरिन-कॅटेनिन कॉम्प्लेक्स अ‍ॅक्टिनला धरतं, पण ओढ असेल तर. फुगडी घालताना दोघी मागे झुकल्या की पकड आपोआप आवळली जाते आणि जवळ उभ्या राहिल्या की सैल पडते ना, तसं. ट्यूबमध्ये ओढायला कुणी नव्हतं म्हणून पकड दिसत नव्हती.

तेव्हा को-आयपीच्या जोडीला ताणाची चाचणी हवीच. सोपा मार्ग म्हणजे अल्फा-१८ ही रॅट मोनोक्लोनल अँटिबॉडी, ती अल्फा-कॅटेनिनची ताणलेली अवस्था ओळखते, आणि बरोबर व्हिनक्युलिनचं स्टेनिंग. निम्म्या कव्हरस्लिपना फिक्स करण्याआधी ब्लेबिस्टॅटिन द्या, त्याने मायोसिन (सेलच्या आत ओढ निर्माण करणारं प्रोटीन) थांबलं की जंक्शनवरचं अल्फा-१८ आणि व्हिनक्युलिन दोन्ही कमी व्हायला हवं, आणि एकूण अल्फा-कॅटेनिन मात्र जागेवर दिसायला हवं. ब्लेबिस्टॅटिन असताना जिवंत सेल्सवर निळा प्रकाश टाकू नका, ते निकामीही होतं आणि विषारीही. इमेज घेताना दोन प्लेन वेगळे घ्या, अगदी तळाचा फोकल अ‍ॅढिजनसाठी आणि वरचा जंक्शनसाठी. सगळे प्लेन एकावर एक रचून एकच चित्र केलं तर व्हिनक्युलिन कुठलं ते कळायचं नाही.

स्क्रॅच, किंवा त्याहून बरं म्हणजे इन्सर्ट

पिपेट टिपने ओरखडा काढणं स्वस्त आहे, पण टिपबरोबर तळाचं कोलॅजेनही खरवडलं जातं, कडेच्या सेल्स फाटतात आणि त्यांच्यातून बाहेर पडलेलं सगळं शेजारणींना मिळतं. तुमचं प्रोटीन इंटिग्रिनच्या बाजूचं असेल तर सिलिकॉन इन्सर्ट वापरा, दोन खोल्यांचा, मधे ५०० मायक्रोमीटरची भिंत, उचलला की स्वच्छ गॅप तयार. बजेट नसेल तर स्क्रॅचच करा, पण नवी टिप, उभी धरून, एका दमात, आणि प्लेटच्या खालून मार्करने आडवी रेघ मारून ठेवा म्हणजे परत तीच जागा सापडेल.

सेल्स वाढून गॅप भरला की सरकून भरला हे वेगळं करायला मायटोमायसिन सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर दोन तास देऊन धुवा, नंतर सीरम १ टक्क्यावर आणा. मायटोमायसिन विषारी आहे, ग्लोव्हज घाला, वेस्ट वेगळा काढा. इमेज शून्य तासाला आणि पुढे दर दोन-तीन तासांनी, निदान १२ तास. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये गॅपचं क्षेत्रफळ काढून इमेजच्या उंचीने भागा म्हणजे सरासरी रुंदी आली. धरा सुरुवातीला ६०० मायक्रोमीटर होती, १२ तासांनी २४० राहिली, तर ३६० भागिले दोन कडा भागिले १२ तास, म्हणजे एका कडेचा वेग ताशी १५ मायक्रोमीटर. 'टक्के भरलं' असं देऊ नका, ते सुरुवातीच्या रुंदीवर अवलंबून असतं. स्टॅटिस्टिक्ससाठी एन म्हणजे वेगवेगळ्या दिवशीचे स्वतंत्र प्रयोग, प्लेटमधल्या एकाच खळग्याची (वेलची) सहा फील्ड म्हणजे एन सहा नव्हे.

वेगाइतकंच कडेचं रूपही बघा. एमडीसीकेची कड सरळ पुढे येत नाही, जागोजागी एक मोठी पसरट लीडर सेल पुढे येते आणि तिच्यामागे बोटासारखी रांग लागते. पण ओढतात फक्त पुढच्या असं नाही, २००९ मध्ये शावी त्रेपात आणि सहकाऱ्यांनी एमडीसीकेवरच बल मोजून दाखवलं की कडेपासून मागच्या कितीतरी ओळींपर्यंतच्या सेल्स तळाला ओढत असतात. हे बल थरभर पसरतं ते जंक्शनमधून. म्हणून पकड गेली की एकेक सेल वेगात फिरू शकते, पण सगळ्यांची दिशा एक राहत नाही आणि गॅप उलट उशिरा भरू शकतो. तेव्हा टाइमलॅप्स असेल तर एकेका सेलचा माग काढा, ती सरळ किती गेली आणि भरकटली किती ते बघा.

एक पॉझिटिव्ह कंट्रोल सुचवते, एचजीएफ २० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. याचंच जुनं नाव स्कॅटर फॅक्टर, एमडीसीकेची छोटी बेटं रात्रभरात सुटी सुटी होतात. पकड सुटल्यावर नेमकं कसं दिसतं ते एकदा डोळ्यात बसलं की आपल्या नॉकडाउनबद्दल उगाच मोठे दावे केले जात नाहीत.

सगळं समोर ठेवून

आधी इनपुट. ई-कॅडहेरिन एकूणच कमी झालं असेल तर स्नेल, झेब तपासा, ते ई-कॅडहेरिनचा सीडीएच१ जीनच दाबतात, आणि मग तो इंटरॅक्शनचा विषय राहत नाही. इनपुट सारखं, को-आयपी कमी, स्विचमध्ये रेघ उशिरा, सेल्स भरकटतायत, असं असेल तर पकड सुटली म्हणायला जागा आहे. को-आयपी सारखा पण अल्फा-१८ आणि जंक्शनवरचं व्हिनक्युलिन पडलं, तर कॉम्प्लेक्स शाबूत आहे, ताण पोचत नाहीये, मग आरएचओए-मायोसिनकडे, म्हणजे ओढ निर्माण करणाऱ्या यंत्रणेकडे बघा. आणि जंक्शन सगळी ठीक, फॅक ३९७चा सिग्नल चढलेला, कड वेगात, तर तुमचं प्रोटीन बहुधा तळाच्या बाजूला काम करतंय आणि ई-कॅडहेरिनबरोबरचा तो बँड खरा असला तरी वेगाचं कारण तो नाही.

हे इतकं काटेकोर का, तर १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत पोटाच्या आनुवंशिक कॅन्सरचं कारण म्हणून सीडीएच१ मधलेच बदल सापडले, आणि आज एखाद्या घरात एकच अमिनो आम्ल बदललेलं सापडलं तर ते घातक आहे की नाही हे ठरवताना अशाच पकडीच्या आणि चालीच्या प्रयोगांचा आधार घेतला जातो. तिथे चुकीचा ब्लॉट म्हणजे कुणाच्या तरी पोटाच्या ऑपरेशनचा प्रश्न असतो.

शेवटचा प्रयोग रेस्क्यूचा, आणि त्याला सुट्टी नाही. नॉकडाउन केलेल्या सेल्समध्ये एसआयआरएनएला (नॉकडाउन करणाऱ्या छोट्या आरएनएला) दाद न देणारं तुमचं प्रोटीन परत घाला, एकदा जसंच्या तसं आणि एकदा फक्त कॅडहेरिन कॉम्प्लेक्सला चिकटायची जागा बिघडवलेलं. दोन्ही सारख्याच प्रमाणात बनतायत हे ब्लॉटवर बघून घ्या, मग त्याच पॅसेजवर स्विच, को-आयपी, स्क्रॅच. अख्खं प्रोटीन घातल्यावर रेघ आणि वेग दोन्ही कंट्रोलसारखे झाले आणि बिघडवलेल्याने झाले नाहीत, तरच पेपरमध्ये लिहा की ही जोडी सेल्सची चाल ठरवते. बिघडवलेल्यानेही सगळं पूर्ववत झालं तर तो बँड सप्लिमेंटरीत टाका आणि फॅकच्या डिशेस परत काढा.